बालवाडीची निवड : फी की पारख?

सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार माता हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून मुलाच्या इंग्रजी बालवर्गाची फी भरते. शेजारची अंगणवाडी मात्र मोफत असूनही तिला नको असते. तिच्या या निर्णयाला भाबडेपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. ज्या सेवेचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नाही, तिथे किंमत हीच गुणवत्तेची खूण ठरते, असा बाजाराचा अनुभव आहे. गणवेश आणि पाठ केलेली इंग्रजी गाणी डोळ्यांना दिसतात. मुलाची वाढ तशी लगेच दिसत नाही.

परंतु या शहरातील घराघरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही नांदतात. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणेच शिक्षिकेला कळत नसेल, तर भरलेली फी व्यर्थच होय. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयासाठी खेळावर आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे.

म्हणून पालकांनी फलक वाचून न थांबता वर्गात डोकवावे. मुले बोलतात की नुसती ऐकतात? त्यांचे हात मातीत, रंगात आहेत की वहीत जखडलेले? मात्र सारा भार पालकांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. अंगणवाडीत आहाराइतकेच शिक्षणही कसदार मिळाले पाहिजे. मोफत पर्याय निवडण्याजोगा असेल, तेव्हाच गरिबाच्या निवडीला अर्थ येईल.