इंजिन बदललं, आता क्लच का अडतो?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी सेवेतून ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जिवापाड सांभाळलेल्या गाड्या मात्र अजून धावतात. काहींत इंजिन किंवा गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा असतो. अशी गाडी वडपे गावाजवळ नाशिक महामार्गाच्या कोंडीत सापडली, की क्लचची खरी परीक्षा होते.

आधी दुखणं ओळखा. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. पेडल पूर्ण दाबून, थोडं थांबून रिव्हर्स टाकताना करकर झाली, तर तो नीट सुटत नाही. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर सहज पडला, तर हायड्रॉलिक नळीत हवा असण्याची शक्यता मोठी.

हवा नसेल, तर क्लचचे पेडलकडचा मास्टर आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह हे सिलिंडर एकमेकांशी जुळतात का, ते तपासा. तेल आक्रसत नाही. मास्टर सिलिंडरमधून ढकललं तेवढंच स्लेव्हमध्ये जातं. मास्टरचा व्यास 5/8 इंच आणि स्लेव्हचा 3/4 इंच असेल, तर मास्टरचा दट्ट्या 25 मिमी सरकल्यावर स्लेव्हचा सुमारे 17 मिमी सरकतो. त्याजागी 7/8 इंची स्लेव्ह लावला, की हे अंतर 13 मिमीवर येतं. पेडल हलकं लागतं, मालक खूश होतो, पण प्लेट फ्लायव्हीलला घासतच राहते.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोजण्याआधी स्लेव्हचा दट्ट्या किती सरकतो, ते मेकॅनिकसमोर पट्टी लावून पाहाच.