फडताळातले डबे : बीदर-कलबुर्गी सीमाभागातली घरगुती साठवण

किल्ले, मकबरे, शिलालेख यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या फडताळावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. खरं तर भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या जुन्या घरात शिरलात, तर त्या घराची ऐपत, त्याच्या सवयी आणि त्यानं सोसलेले दुष्काळ हे सगळं तिथंच, डब्यांच्या रांगेत मांडून ठेवलेलं असतं.

आधी शब्दांबद्दल. 'डबा' हा आपल्या भागातला तिन्ही भाषांचा शब्द. मराठीत डबा, कानडीत डब्बी, दखनीत डब्बा. फडताळ मात्र मराठी. मुसलमान घरांतून त्याच्या जोडीला 'नेमतखाना' दिसे, म्हणजे जाळीचं लाकडी कपाट. त्याचे चार पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत उभे असत, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. दूध, सालन, उरलेली भाजी त्यात. हे कपाट पुढं हिंदू घरांतही आलं, पण बऱ्याच ठिकाणी नाव 'जाळीचं कपाट' एवढंच राहिलं.

पत्र्याचा डबा येण्याआधी साठवणीच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत मोठी पेव. काळ्या रानात पाणी धरून राहतं, म्हणून पेव खणायचं ते पांढरीत, गावठाणाच्या कोरड्या मातीत. तळाला आणि कडेनं कडब्याचा थर, मध्ये ज्वारी, वरून पुन्हा कडबा नि माती. तोंड लिंपून टाकलं की आतलं धान्य श्वास घेत राहतं, आतला प्राणवायू संपवतं आणि किडे गुदमरून मरतात. पेव उघडल्यावर माणसानं लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं, हा नियम त्यामुळंच. कानडीत याला हगेव म्हणतात. दुसरी पायरी बळद, म्हणजे घराच्या भिंतीत किंवा खोलीच्या कोपऱ्यात बांधून काढलेलं कोठार. किंवा शेणानं सारवलेली कणगी. तिसरी उतरंड, एकावर एक रचलेली गाडगी-मडकी. रोजचा हात फिरायचा तो फक्त उतरंडीवर.

पेवाचं नाव निघालं की मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवल्याशिवाय राहत नाहीत. परंपरेनं सांगितलेली गोष्ट अशी, की बीदरच्या बहमनी सुलतानाचे अंमलदार असलेल्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली, आणि त्या धान्याची किंमत विठू महाराच्या रूपात विठ्ठलानं बीदरला जाऊन भरली. गोष्ट भक्तीची आहे, तिचा कागदोपत्री पुरावा मागत बसू नये. पण तिच्यात एक रोकडं सत्य आहे. कुलूप कुणाच्या हातात, यावर गावाचं जगणं-मरणं ठरायचं. पेव मालकाचं, बळद घरधन्याचं. सालगड्याच्या घरात यातलं काहीच नसे. त्याच्याकडं चार मडकी आणि आठवडी बाजार. म्हणून 'आपल्या पूर्वजांनी वर्षाची बेगमी करून ठेवली' असं सरसकट लिहिलं जातं तेव्हा मला जरा थांबावंसं वाटतं. कुणाच्या पूर्वजांनी?

आता पत्रा. आपल्या भागात तो आला रेल्वेच्या वाटेनं. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे गुलबर्गा, शहाबाद, वाडी करत 1871 मध्ये रायचूरला पोचली, आणि 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादपर्यंत निजामाची लाइन झाली. गाडीनं घासलेट आलं, आणि घासलेटबरोबर चार गॅलनचा चौकोनी डबा. घासलेट जळून जायचं, डबा मागं राहायचा. या डब्याची मागणी इतकी, की जमशेदपूरजवळ गोलमुरीला 1920 मध्ये टिनप्लेट कंपनी निघाली तीच मुळात तेल कंपनीच्या भागीदारीत, घासलेटच्या डब्यांना पत्रा पुरवण्यासाठी. आज किराणा दुकानात दिसणारा 15 किलोचा तेलाचा डबा हा त्याच घराण्यातला.

रिकाम्या डब्याचं काय काय व्हायचं! वरचा पत्रा कापून, आडवी काठी ठोकून पाण्याची बादली. दोन डबे कावडीला. झाकण बसवून घेतलं की पिठाचा डबा. उभा चिरला की छपराला पत्रा. 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि गोल, घट्ट झाकणाचा, पिवळा डबा घरोघर शिरला. तूप संपलं की त्यात डाळ, डाळ सरून डबा गंजला की तुळस. लहान मुलांच्या दूधपावडरचे डबे साखर-चहाला. किराणावाल्याकडचा मोठा बिस्किटाचा डबा मिळवायला तर ओळख लागायची. बाजारच्या दिवशी पत्र्याचं काम करणारे कारागीर बसत. ते कडी, कान, झाकण लावून द्यायचे आणि छोट्या डब्याला दांडी लावून तेलाचं माप करून द्यायचे.

इथं एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण जुन्या वस्तू जमवणारे लोकसुद्धा तो करतात. डब्यातलं धान्य आणि डबाबंद अन्न या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्यात डबा फक्त उंदीर, ओल आणि किडा बाहेर ठेवतो. आतला पदार्थ मुळात कोरडा म्हणूनच टिकतो. दुसऱ्यात पदार्थ ओला असतो, डबा सील करून भरपूर तापवतात, आतले जंतू मरतात आणि बाहेरचे शिरत नाहीत. ही युक्ती निकोला आपेर या फ्रेंच माणसाची. त्यानं ती काचेच्या बाटल्यांत केली आणि 1810 मध्ये पुस्तक लिहून जाहीर केली. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरंडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. असं केल्यानं अन्न का टिकतं, हे मात्र पाश्चरच्या कामानंतर, म्हणजे अर्ध्या शतकानं उमगलं. डबा उघडायचं हत्यारही तितकंच उशिरा आलं, तोवर छिन्नी-हातोडी!

आपल्या भागात हे दुसऱ्या प्रकारचं डबाबंद अन्न रोजच्या जेवणात कधी फारसं शिरलंच नाही. घट्ट गोड दूध, कधी रसगुल्ल्याचा डबा, अननसाच्या चकत्या, एवढंच, तेही पाहुण्यांसाठी. कारण इथं ते काम वाळवणानं आधीच केलेलं होतं. उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया. कडक भाकरी, जिला कानडीत खडक रोट्टी म्हणतात, ती पातळ थापून पाणी पार उडेपर्यंत शेकतात नि डब्यात उभी रचतात. दिवसच्या दिवस टिकते. तिच्या जोडीला चटण्यांचे डबे, शेंगाची, कारळ्याची, जवसाची. जवसाला आमच्याकडं मराठी घरातसुद्धा सर्रास 'अगशी' म्हणतात. कालवण नसलं तरी कडक भाकरी, चटणी, वर तेल किंवा दही, झालं जेवण. घाईच्या दिवशी परदेशातल्या घरात शेंगांचा टिन उघडतात, तीच ही सोय. फरक एवढाच, की आपल्या डब्यामागं एका बाईचा अख्खा उन्हाळा असतो.

तुरीचं जरा सविस्तर सांगतो, कारण ती इथली ओळख. गुलबर्गा तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अख्ख्या तुरीला भुंगा लागतो. त्याची मादी अख्ख्या दाण्याच्या गुळगुळीत सालीवर अंडी घालते आणि अळी दाण्यात शिरून वाढते. डाळ केली, साल गेली, की त्याला तशी जागा राहत नाही. म्हणून पीक आलं की उन्हाळ्यातच डाळ करून घ्यायची, हे नुसतं सोयीचं नव्हतं. बियाण्यासाठी ठेवलेल्या तुरीत राख मिसळायची. राखेनं किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो आणि तो सुकून मरतो. डाळीला एरंडेल चोळणं, ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालणं हेही ठाऊक असेलच. पत्र्याचा डबा आल्यावर या गोष्टी सुटल्या नाहीत. तशाच्या तशा डब्यात गेल्या.

लोणचं मात्र पत्र्याच्या डब्यात कधीच नाही. ते चिनी मातीच्या बरणीत, फडक्यानं तोंड बांधून. आंबट आणि खारट पदार्थ धातू खातो. पितळेच्या भांड्यात आमटी कळकते म्हणून कल्हई लावायची, ती कथलाची, आणि डब्याच्या पत्र्यावरचा पातळ मुलामाही कथलाचाच. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथील फिरवायचा. बीदरची गंमत अशी, की हाच नवसागर बिदरी कामातही लागतो. तिथं जस्त आणि थोडं तांबं यांच्या ओतीव भांड्याला किल्ल्यातली माती नि नवसागर लावला की जमीन काळी होते आणि चांदी तशीच चमकत राहते. एकच पदार्थ एका गल्लीत भांडं पांढरं करतो, दुसरीत काळं.

डब्याचा कथील-मुलामा उघड्या हवेत आंबट पदार्थापुढं टिकत नाही. म्हणून आजही टिन उघडला की उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावं. फुगलेला किंवा सांध्याशी चेपलेला डबा उघडूच नये, चाखून तर मुळीच बघू नये. त्यातलं बोटुलिनम विष वासानं किंवा चवीनं कळेलच असं नाही. जुन्या डब्यांचे सांधे कथील आणि शिसं मिसळून झाळलेले असत, तेव्हा शोभेला ठेवा, खाण्याचं त्यात भरू नका.

साठवण मोठ्याकडून लहानाकडं कशी सरकली, हा माझ्या मते खरा प्रश्न. 1948 मध्ये निजामी संपली, 1956 मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी होऊन आपण म्हैसूर राज्यात आलो. गढ्या ओस पडल्या, पेवं बुजली, रेशन दुकानं आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळानं उरलीसुरली बळदं झाडून काढली; शेजारच्या मराठवाड्यात तेव्हा परदेशी लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. त्यानंतरच्या घरांतून बळद नाहीसंच झालं. त्याच्या जागी आली डब्यांची रांग, दहा-पंधरा दिवसांची. पेव उघडायला घरधन्याचा हुकूम लागायचा. डब्याला कुणाला विचारायला लागत नाही. डाळीच्या डब्यात तळाशी पुरचुंडीत ठेवलेले पैसे हे घराघरातलं उघड गुपित, आणि आठवड्याचा बाजार त्यातूनच निघायचा. साठा आटला, पण त्याची किल्ली बाईच्या हातात आली. सालगड्याच्या घरीही आता चार डबे दिसू लागले, ही गोष्टही छोटी नाही.

हे डबे ज्यावर बसतात ती फळीसुद्धा बघा. फडताळाच्या नि ओट्याखालच्या फळ्या बहुतेक घरांत शहाबादी फरशीच्या असतात. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतली ती करडी फरशी रेल्वेनं पार मुंबई-पुण्यापर्यंत गेली. लाकडासारखी तिला वाळवी लागत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवलेल्या डब्यांच्या बुडाचे गंजाचे चौकोन नि वर्तुळं तिच्यावर उमटलेली असतात. जुनं स्वयंपाकघर पाडायचं ठरलं, तर आधी डबे उतरवून त्या फळ्यांचा एक फोटो काढून ठेवा. कुठला डबा कुठं होता आणि किती मोठा होता, ते त्यावरून अजून मोजता येतं.