घरचा मीडिया सर्व्हर: प्लेक्स, एम्बी की जेलीफिन?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. सुरुवात करतो ती मावशीच्या लग्नापासून.

१९९४ सालचं लग्न. व्हिडिओ कॅसेटवर शूट केलेलं. पुढे कधीतरी मामाने गावातल्या स्टुडिओत देऊन त्या कॅसेटच्या चार डीव्हीडी करून घेतल्या. त्यात हळदीच्या दिवशी आजी जात्यावर बसून ओवी म्हणते, जेमतेम तीन मिनिटं. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्या डीव्हीडी सापडल्या. चारपैकी एक लॅपटॉपने वाचायलाच नकार दिला. चार वेळा पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून कशीबशी कॉपी झाली. नशीब बघा, ओवी त्याच डीव्हीडीत होती.

फॅमिली ग्रुपवर सांगितलं आणि लगेच मागणी सुरू. मामा जर्मनीत, मावशी नाशिकला, आई-बाबा गडहिंग्लजला, मी पुण्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावं तर व्हिडिओ दाबून त्याचा पार चोथा होतो. क्लाउडवर टाकावं तर फुकटची जागा पुरत नाही. एका व्हिडिओ साइटवर चढवलं, तर मागे वाजणाऱ्या सिनेमातल्या गाण्यावर हक्क सांगणारी नोटीस आली. म्हटलं, आता आपलाच सर्व्हर टाकूया.

म्हणजे नेमकं काय?

मीडिया सर्व्हर म्हणजे काय तर घरातला एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा. त्यावर आपले व्हिडिओ, फोटो, गाणी. त्यावरचं सॉफ्टवेअर ते सगळं नीट मांडून दाखवतं, आणि बाकीचे लोक फोनवरून किंवा टीव्हीवरून अ‍ॅप उघडून बघतात. आपलं स्वतःचं छोटं ओटीटीच म्हणा ना. माझ्याकडे २०१४ चा जुना लॅपटॉप पडून होता, तोच वापरला.

या क्षेत्रात नावं मुख्यतः तीन, आणि त्यांची कुंडली एकमेकांशी जुळलेली आहे. आधी होता एक्सबीएमसी, त्याचंच नाव २०१४ मध्ये कोडी झालं. कोडी आजही आहे, पण तो मुळात प्लेअर आहे. एका टीव्हीला जोडून बघायला उत्तम, चार घरांत वाटायला नाही. त्याच एक्सबीएमसीच्या कोडमधून प्लेक्स निघाला. दुसरीकडे एम्बी. त्याचा कोड आधी खुला होता, २०१८ च्या शेवटी त्यांनी तो बंद केला. काही लोकांना ते पटलं नाही. त्यांनी शेवटचा खुला कोड उचलला आणि त्यातून जेलीफिन सुरू केला. जेलीफिन पूर्ण मोफत, स्वयंसेवक चालवतात.

निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न

पहिला: बघणारा माणूस कोण आहे? हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, तो पहिला विचारा. आमच्या आईला रिमोटची तीन बटणं कळतात, चौथं नको असतं. इथे प्लेक्स पुढे आहे. जवळपास प्रत्येक स्मार्ट टीव्हीच्या स्टोअरमध्ये त्याचं अ‍ॅप सापडतं, दिसायलाही सफाईदार. जेलीफिनची अ‍ॅप्स अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही, फोन, ब्राउझर यांवर चांगली चालतात. पण तुमच्या टीव्हीच्या स्टोअरमध्ये ते आहे का, हे आधी स्वतः शोधून बघा. नसेल तर एक स्टिक घ्यावी लागेल, तो खर्च धरा.

दुसरा: घरात बघायचंय की घराबाहेर? प्लेक्सने २९ एप्रिल २०२५ पासून नियम बदलला. आपल्या सर्व्हरवरचे व्हिडिओ घराबाहेरून बघायला आता पैसे लागतात. एक तर सर्व्हरवाल्याकडे प्लेक्स पास हवा, मग त्याच्या पाहुण्यांना वेगळे पैसे नाहीत. नाहीतर बघणाऱ्याने आपला रिमोट वॉच पास घ्यायचा. त्याच वेळी आयुष्यभराच्या प्लेक्स पासची अमेरिकेतली किंमत १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेली. घरातल्या घरात, एकाच वायफायवर बघणं मात्र फुकटच राहिलं. एम्बीतही काही सोयी प्रीमियरचे पैसे भरल्यावरच मिळतात. जेलीफिनमध्ये पैसे भरायची जागाच नाही, वाटलं तर देणगी द्या.

तिसरा: चावी कोणाच्या हातात? प्लेक्समध्ये लॉगिन त्यांच्या कंपनीच्या खात्यातून होतं. त्यामुळे शेअर करणं सोपं जातं, ईमेल टाकला की झालं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याकडून खात्यांची माहिती फुटली होती आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, हेही लक्षात ठेवा. जेलीफिनची खाती तुमच्याच सर्व्हरवर असतात. बाहेरची कंपनी मध्ये नाही. पण मग पासवर्ड विसरलेल्या मावशीचा फोन कोणाला येणार? तुम्हालाच.

मी जेलीफिन घेतलं. चार घरं, सगळी वेगळ्या गावांत, आणि दरमहा पैसे भरायची कोणाचीच तयारी नाही. हिशोब सोपा होता.

आता माझी फजिती ऐका

पाडव्याच्या संध्याकाळी ग्रुपवर जाहीर केलं, "आठ वाजता सगळ्यांनी अ‍ॅप उघडा." आठ वाजून दोन मिनिटांनी आईचा फोन. "अरे, ते गोल गोल फिरतंय नुसतं." मावशीचं थांबत थांबत चाललेलं. लॅपटॉपचा पंखा तर गिरणीसारखा ओरडत होता.

मी इंटरनेटला शिव्या घालत बसलो, पण इंटरनेटचा दोष नव्हताच. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कोण काय बघतंय आणि कसं बघतंय हे दिसतं. प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं होतं: ट्रान्सकोडिंग.

हा शब्द समजला की अर्धी लढाई जिंकली. फाइल ज्या भाषेत लिहिलीये ती समोरच्या फोनला कळत असेल, तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि यात सर्व्हरला कष्ट जवळपास नाहीतच. फोनला ती भाषा कळत नसेल, तर सर्व्हर बघता बघता भाषांतर करत बसतो. हे ट्रान्सकोडिंग. तीन जण बघत असतील तर तीन वेगळी भाषांतरं एकाच वेळी! डीव्हीडीवरचा व्हिडिओ असतो एमपेग-२ मध्ये आणि तो आजच्या बहुतेक फोनना, ब्राउझरना थेट कळत नाही. माझा म्हातारा लॅपटॉप तिथे धापा टाकत होता.

उपाय दोन. एक, प्रोसेसरमधल्या व्हिडिओसाठीच्या खास भागाकडून हे काम करून घ्यायचं. बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये तो असतो, क्विक सिंक नावाने. जेलीफिनमध्ये ही सोय फुकट आहे, प्लेक्स आणि एम्बीमध्ये त्यासाठी पैसे भरावे लागतात. दोन, भाषांतर एकदाच करून ठेवायचं. मी हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने सगळ्या फाइल एच.२६४ च्या एमपी-४ मध्ये बदलल्या. जुन्या शूटिंगमध्ये हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात ना, त्या घालवायला डीइंटरलेसचा पर्याय चालू केला. रात्रभर लॅपटॉप चालला. फाइल निम्म्याहून लहान झाल्या आणि भाऊबीजेला डॅशबोर्डवर सगळ्यांपुढे डायरेक्ट प्ले. पंखा गप्प.

पण मूळ फाइल पुसू नका हं. बदललेली प्रत बघायला आणि मूळ प्रत जपायला, दोन्ही ठेवा.

घराबाहेर पोचवायचं कसं?

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटवर एकच पत्ता आणि आत फ्लॅट नंबर नाही, मग बाहेरचा कुरिअरवाला तुमच्या दारापर्यंत येणार कसा? तपासायचं असं: राउटरच्या सेटिंगमध्ये दिसणारा वॅन आयपी बघा आणि वेबवर "माझा आयपी" शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही वेगळे असतील, तर बहुधा तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग राउटरवर पोर्ट उघडण्याचे व्हिडिओ बघत रात्र घालवू नका, उपयोग नाही.

मी टेलस्केल वापरलं. माझा सर्व्हर आणि घरच्यांचे फोन यांच्यात ते एक खाजगी बोगदा तयार करतं. सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येतच नाही, म्हणून सुरक्षितही. तोटा एकच, प्रत्येकाच्या फोनवर आणखी एक अ‍ॅप. आईच्या फोनवर ते मी स्वतः गडहिंग्लजला जाऊन टाकलं. मामाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, पाऊण तास लागला. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घेणं, पण मग सुरक्षेची जबाबदारी तुमची.

आणि वेग बघताना डाउनलोड नाही, अपलोड बघा. घरातून व्हिडिओ बाहेर जातोय. माझ्या फाइलला दोन एमबीपीएस पुरतात, म्हणजे तिघांना सहा. चांगल्या प्रतीचा फुल एचडी व्हिडिओ असेल तर एकालाच आठ-दहा लागू शकतात.

वीजबिलाचंही सांगतो. लॅपटॉप सरासरी १५ वॅट खात असेल, तर २४ तास आणि ३० दिवसांचे होतात साधारण ११ युनिट. लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे, पण राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर सर्व्हर चालू आणि रस्ता बंद.

दोन गोष्टी शेवटच्या

एक: घरचे व्हिडिओ वाटा, हवे तेवढे वाटा. पण दुसऱ्यांचे सिनेमे मित्रमंडळींना वाटायला हा सर्व्हर वापरू नका. स्वतःपुरतं बघणं वेगळं आणि वाटणं वेगळं, कॉपीराइट कायदा त्यात फरक करतो.

दोन: सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्क गेली तर सगळं गेलं. माझ्याकडे एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर कपाटात आणि एक मावशीकडे नाशिकला. ती आग, पाणी, चोरी यासाठी. आणि सर्व्हरचा पासवर्ड कागदावर लिहून आईकडे दिलाय. उद्या मी नसलो तर आजीचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये अडकून राहायला नको.

तर निवड थोडक्यात अशी. घरातल्या घरातच बघायचं असेल, किंवा पैसे भरून सोय हवी असेल, तर प्लेक्स. थोडी खटपट करायची तयारी असेल आणि चावी स्वतःकडे हवी असेल, तर जेलीफिन. एम्बी मधला, तुमच्या टीव्हीवर जेलीफिन रुसलं तर बघायला हरकत नाही. तिन्ही एकाच लॅपटॉपवर टाकून आठवडाभर चालवून बघता येतात. फक्त निर्णय स्वतः नका घेऊ, घरात जो माणूस फोनला सगळ्यात जास्त घाबरतो त्याच्या हातात देऊन बघा.

मामाने त्या रात्री ओवी चार वेळा ऐकली. डॅशबोर्डवर दिसत होतं मला. फोन मात्र केला नाही त्याने, आणि मीही केला नाही.

तुमच्या घरात एखादी कॅसेट, एखादी डीव्हीडी पडली असेल तर या रविवारी काढा. सर्व्हर नंतर टाका, आधी कॉपी करा. भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!