वहीतला प्रशिक्षक

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आणि सतरा फुटबॉल-प्रशिक्षक आहेत. प्रत्येक बिऱ्हाडात एक असतोच; आमच्याकडे मात्र दोघे. एक मी, बँकेतून निवृत्त झालेला, गुडघेदुखीचा जुना धनी; आणि दुसरी माझी नात. फरक इतकाच की ती मैदानात पळते आणि मी गॅलरीत बसून ओरडतो.

यात आमचा फारसा दोष नाही. दोष जागेचा आहे. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्यावर महापालिकेचे शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल आहे. तिथले मैदान 2016 पासून मुंबई सिटी संघाचे घरचे मैदान झाले. आझादनगर मेट्रो स्थानकावरून पायी जाता येते. सामन्याच्या संध्याकाळी निळे सदरे घातलेली पोरे आमच्या फाटकावरून गात जातात, आणि मग घरात कुणाचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. मैदान लहान, जेमतेम सात-आठ हजार माणसांचे. त्यामुळे प्रशिक्षकाच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. निदान दिसते असे आपल्याला वाटते. आणि आठी दिसली की ती का पडली, हे सांगायला सतरा जण तयार.

2023 च्या पावसाळ्यात आमच्या हिने एक युक्ती काढली. रोज जेवताना 'मी सांगत नव्हतो?' हे माझे पालुपद ऐकून ती कंटाळली होती. तिने एक शंभर पानी वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "अहो, सामना संपल्यावर सांगण्यात काय शहाणपण? आधी लिहा. कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं, सगळं आधी लिहा. आणि खोडायचं नाही."

नात टाळ्या पिटू लागली. मी वही उचलली. खोडायचे नाही हा नियम मान्य करताना आपण कशात पाय घालतो आहोत, याची मला कल्पना नव्हती.

वही उघडल्यावर पहिला साक्षात्कार झाला तो हा, की संघ निवडणे म्हणजे आवडत्या अकरा जणांची यादी करणे नव्हे. त्या हंगामात मैदानावर एका वेळी परदेशी खेळाडू चारच चालत. म्हणजे एक परदेशी मध्यरक्षक वाढवला की एक परदेशी आघाडीवीर बाकावर. बदली खेळाडू पाच. कोणाला ताप, कोणाच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, कोणावर कार्डांमुळे बंदी. नवे खेळाडू घ्यायचे तर ठराविक मुदतीतच. संसार चालवणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. मला मात्र वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले.

आमचा संघ त्या वेळी ऐन भरात होता. डेस बकिंगहॅम या तरुण इंग्रज प्रशिक्षकाने आधीच्या 2022-23 च्या हंगामात वीस सामन्यांत 46 गुण मिळवून लीगची ढाल जिंकून दिली होती. ओळीने अठरा सामने संघ हरला नव्हता. चेन्नईहून आणलेला मिझोरमचा लालियानझुआला छांगटे त्याच्या हाताखाली असा फुलला, की 2022-23 चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा प्रशिक्षक 2023 च्या नोव्हेंबरात, भर हंगामात, आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेड संघाकडे निघून गेला! त्या रात्री मी वहीत लिहिले : 'वाटोळे झाले. आता पहिल्या सहांत आलो तरी पुष्कळ.'

त्याच्या जागी आला पेट्र क्रॅटकी, चेक गृहस्थ. आल्याबरोबर 20 डिसेंबरला मोहन बागानशी सामना. तो सामना ज्यांनी अंधेरीत पाहिला, ते नातवंडांना सांगतील. दोन्ही बाजू मिळून सात लाल कार्डे! त्यांतली चार आपली. तरी आपण 2-1 असे जिंकलो. विजयाचा गोल मणिपूरच्या बिपिन सिंगने केला. घरी येताना घसा बसलेला आणि छाती फुगलेली. पण चारच दिवसांनी कोचीला केरळशी गाठ होती आणि बंदी आलेली मंडळी घरी. तिथे आपण 0-2 असे हरलो. मी लिहिले : 'क्रॅटकीला संघ बांधता येत नाही.' वास्तविक, बांधायला दोरीच शिल्लक नव्हती; पण हे त्या रात्री कोण ऐकतो?

जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट संघ सोडून गेला. हा स्कॉटिश खेळाडू म्हणजे आमच्या आक्रमणाचा मेंदू. मी लिहिले : 'ढाल गेली, कप गेला, तिकिटाचे पैसे तेवढे राहिले.' त्यानंतर आलेल्यांत याकुब वोइटुश नावाचा एक स्लोव्हाक आघाडीवीर होता. त्याच्याविषयी माझ्या वहीत एकच शब्द आहे : 'कशाला?'

आता पुढचे ऐका. ज्याला मी पहिल्या सहांतही धरले नव्हते, तो संघ शेवटच्या दिवशी, 15 एप्रिल 2024 ला, ढालीपासून एका बरोबरीच्या अंतरावर उभा होता. कोलकात्याला तो सामना आपण 1-2 असा गमावला. बागानचे गुण 48, आपले 47. माझी लेखणी पुन्हा धारदार झाली. नऊ दिवसांनी गोव्याला फातोर्ड्याच्या मैदानावर उपांत्य सामना. नव्वदावे मिनिट येईपर्यंत गोवा 2-0 असा पुढे. मी दूरचित्रवाणीसमोर बसूनच शाईने लिहून टाकले : 'या माणसाला घरी पाठवा.' शाई वाळायच्या आत छांगटेने एक गोल केला, विक्रम प्रताप सिंगने दुसरा आणि जादा वेळात पुन्हा छांगटेने तिसरा. 3-2! ही स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले मला काही झाले.

अंधेरीला परतीचा सामना आपण 2-0 असा जिंकला. 4 मे रोजी कोलकात्याला, बागानच्याच अंगणात, अंतिम सामना 3-1 ने मारला. पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि तिसरा गोल, अगदी अखेरच्या क्षणी, बदली आलेल्या वोइटुशचा. 'कशाला?' या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याने जाळ्यात मारून दिले. कर्णधार राहुल भेके हा मुंबईचाच मुलगा; त्याच्या हाती कप पाहून माझे डोळे भरून आले आणि वही मी गादीखाली सारली.

पण ही एवढ्यावर सोडणारी नव्हे. जूनमध्ये एका दुपारी आम्ही तिघांनी हिशेब केला. माझी निम्म्याहून अधिक भाकिते चुकली होती. मी म्हटले, "म्हणजे क्रॅटकी शहाणा आणि मी मूर्ख, असंच ना?" ही म्हणाली, "तसं नाही. गोव्याला ते तीन गोल झाले नसते, तर तुम्ही शहाणे ठरला असता. तोच माणूस, तीच निवड, आणि सात मिनिटांत मूर्खाचा शहाणा?"

मी गप्प झालो. मला वडिलांची आठवण झाली. ते मला रोव्हर्स कपाचे सामने पाहायला कूपरेजवर न्यायचे आणि वाटेत रहीमसाहेबांची गोष्ट सांगायचे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले तो हाच संघ. पुढे 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावातला असा माणूस एरवी विश्रांतीला जातो. रहीमसाहेबांनी त्याला चक्क आघाडीला उभे केले! त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यातही केला. 2-1 ने सुवर्णपदक आले. वडील गोष्ट संपवताना नेहमी म्हणत, "हरले असते, तर लोकांनी रहीमसाहेबांना काय काय म्हटलं असतं, याचा विचार कर."

मी कधी केला नव्हता. त्या दुपारी केला. निवडीचा न्याय करायचा तर निकाल बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावेत, असे मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. एक : त्या वेळी प्रशिक्षकाला काय ठाऊक होते? दोन : ज्याला काढले, त्याचे काम करायला दुसरे कोण होते?

लगेच परीक्षा आली. 2024 च्या उन्हाळ्यात संघाची निम्मी फळीच निघून गेली. दियाझ, नोगेरा आणि कर्णधार भेके बंगळूरला. मधल्या फळीचा कणा असलेला अपुया मोहन बागानला. तिकडे स्ट्युअर्टही बागानकडेच येऊन बसला. आपल्याकडे ग्रीसचा करेलिस आला, गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस आला. या खेपेला मी निकालाची वाट न पाहता लिहिले : 'दियाझची जागा करेलिस घेईल. अपुयाची जागा घेणारा मला दिसत नाही.' झालेही तसेच. संघ लीगमध्ये सहावा आला आणि 29 मार्च 2025 ला बंगळूरने बाद फेरीत आपल्याला पाच गोलांनी झोडपले. पाचवा गोल कोणाचा? दियाझचा! आणि बागानने त्या हंगामात ढाल आणि कप दोन्ही नेले. माझे भाकीत खरे ठरले, पण आनंद कसला होणार?

त्याच रात्री खरी गोष्ट घडली. ती सांगण्यासाठीच हा एवढा प्रपंच.

2023 च्या डिसेंबरात नात सातवीत होती आणि शाळेच्या संघात उजव्या बगलेला खेळायची. एका आंतरशालेय सामन्याला सरांनी तिला पहिल्या अकरांतून काढून बाकावर बसवले. कारण सांगितले नाही. ती रडत घरी आली. मी तिला कुशीत घेऊन म्हटले, "तुझ्या सरांना फुटबॉल कळत नाही. अशा माणसाकडे जायचंच कशाला?" आजोबांनी सांगितले म्हणजे ब्रह्मवाक्य! तिने सराव सोडला. बूट माळ्यावर गेले.

बंगळूरच्या त्या सामन्यानंतर, दियाझविषयी मी काय लिहिले होते ते पाहायला तिने जुनी पाने चाळली. एका पानापाशी थांबली. मी तिचे दोन सामने पाहिले होते आणि सवयीने त्यांचीही नोंद केली होती. तिने मोठ्याने वाचले :

'पाय वेगवान. पण चेंडू गेला की उभी राहते, मागे धावत नाही. मी निवडणार असतो, तर पहिल्या अकरांत घेतली नसती.'

तारीख सरांच्या निर्णयाच्या चार दिवस आधीची होती.

घरात कोणी बोलेना. वही बंद करून ती म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

काय उत्तर द्यावे? हजारो मैलांवरून आलेल्या चेक प्रशिक्षकाला घरी पाठवायला माझी लेखणी कचरली नव्हती. आणि जिला खरे सांगायला हवे होते, तिच्यापुढे मी मायेच्या नावाखाली खोटे बोललो. सरांची निवड बरोबर होती, हे मला त्यांच्या आधी ठाऊक होते. त्यांनी कारण सांगितले नाही ही त्यांची चूक. पण मला कारण माहीत असून मी ते लपवले. तिच्या सव्वा वर्षाच्या खेळाचे नुकसान केले ते सरांनी नव्हे, मी.

मी तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, झोपायला गेली. पुठ्ठ्यावरच्या दोन प्रश्नांखाली मी तिसरा लिहिला : 'ज्याला बसवले, त्याला कारण कोणी सांगितले का?'

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती नववीत गेली आणि एका सकाळी माळ्यावर खुडबुड ऐकू आली. बूट अर्थातच लहान झाले होते. अंधेरी स्टेशनाजवळच्या बाजारात जाऊन नवे घेतले. ती स्वतःच सरांकडे गेली आणि म्हणाली, "मला मागे धावायला शिकायचं आहे." सरांनी तिला राखीव खेळाडूंत घेतले. अजूनही ती तिथेच आहे. गेल्या सामन्यात तिला शेवटची दहा मिनिटे मिळाली. संघ हरला. तिने गोल केला नाही, की कुणाला करू दिला असेही म्हणता येत नाही.

मी काठावर वही घेऊन बसलो होतो. सामना संपताच ती घामाघूम होऊन समोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मी पान उघडून दिले. त्यावर लिहिले होते : 'चार वेळा चेंडू गेला. तीन वेळा मागे आली.'

तिने वाचले, माझ्या हातातली लेखणी घेतली आणि काही न खोडता खाली लिहिले : 'चौथ्या वेळी दम संपला होता.'

ही नोंद बरोबर होती. गॅलरीतून ते दिसले नव्हते.