कठीण पाण्यातील पाणवनस्पती आणि शेवाळ

वाशीम जिल्ह्याचा भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असल्यामुळे मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा आणि त्याच्या परिसरात बोअरचे पाणी कातळाच्या भेगांतून येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार विरघळवून आणते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि ज्याचा पांढरा थर भांड्यावर बसतो, ते हे कठीण पाणी होय. त्याचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लता दाखवणारा अंक, बहुधा सातच्या वर असतो. अशा पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीत माशांबरोबर जिवंत पाणवनस्पती वाढवायच्या ठरवल्या, की काचेवर व पानांवर शेवाळ चढणे आणि नवी पाने फिकट पडणे या दोन तक्रारी बहुतेक वेळा जोडीनेच येतात, आणि त्यांचे मूळही पुष्कळदा एकच असते.

शेवाळ अतिरिक्त अन्नद्रव्यांमुळे माजते, ही समजूत तलावांच्या अभ्यासातून आली आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका तलावाच्या मधोमध पडदा लावून एका भागात कार्बन व नत्र, तर दुसऱ्या भागात त्यांच्याबरोबर स्फुरदही सोडले, तेव्हा स्फुरद मिळालेला भागच शेवाळाने हिरवागार झाला. सांडपाण्यामुळे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर शेवाळाचे जे संकट आले, त्याचा अर्थ या प्रयोगावरून लागतो. हेच तत्त्व घरगुती टाकीला लावून पॉल सीअर्स व केव्हिन कॉन्लिन या दोन अभ्यासू हौशी मत्स्यपालकांनी १९९०च्या दशकात असे मांडले, की नत्र, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये मुबलक द्यावीत, पण स्फुरद इतके कमी ठेवावे की दाट वाढलेल्या वनस्पतीच ते आधी संपवतील. पुढे अनेकांनी स्फुरदही जाणीवपूर्वक घालून पाहिले आणि वनस्पती जोमात असतील तर शेवाळ वाढत नाही, असा अनुभव घेतला. त्यामुळे सीअर्स व कॉन्लिन यांच्या मांडणीतील स्फुरदाच्या उपासमारीचा भाग मागे पडला असला, तरी वनस्पतींना पोसूनच शेवाळ आवरायचे हा तिचा गाभा टिकून आहे.

याचे कारण शेवाळ व वनस्पती यांच्या गरजांतील फरकात आहे. शेवाळाचे शरीर साधे असल्यामुळे ते अत्यल्प अन्नावर तग धरते, तर मोठ्या वनस्पतीला एक जरी द्रव्य कमी पडले तरी तिची वाढ थांबते. ज्या द्रव्याचा सर्वांत जास्त तुटवडा असेल तेच वाढीची मर्यादा ठरवते, हा लीबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा किमान द्रव्याचा नियम होय. पाण्यात ही उणीव सर्वप्रथम कार्बनची असते, कारण हवेच्या संपर्कातून लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहतो आणि त्याचे पाण्यातून पसरणे हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. प्रकाश जितका तीव्र, तितकी वनस्पतीची कार्बनाची व खताची मागणी वाढते. ती भागली नाही तर पाने कमजोर होतात, त्यांतून सेंद्रिय द्रव्ये पाझरतात आणि त्या पानांवरच शेवाळ बसते. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर न लावलेल्या टाकीवर दिवसाला सहा ते आठ तासांहून अधिक दिवा ठेवू नये आणि खिडकीतील थेट ऊन कटाक्षाने टाळावे. शेवाळावरचा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे, आणि नेमका तोच बहुधा शेवटी केला जातो.

अन्नद्रव्यांच्या उणिवेची लक्षणे ओळखताना शेतकऱ्याचे ज्ञान उपयोगी पडते. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे नेऊ शकते, म्हणून त्यांचा तुटवडा खालच्या पानांवर दिसतो: नत्र कमी असेल तर संपूर्ण पान पिवळे पडते, पालाश कमी असेल तर कडा करपून पानाला बारीक छिद्रे पडतात. लोह मात्र असे हलवता येत नाही, त्यामुळे त्याची उणीव शेंड्याच्या पानांवर उमटते आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकट होतो. चुनखडीयुक्त जमिनीत सोयाबीन पिवळे पडते ते याच कारणाने. लोह असते, पण सामू जास्त असल्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. कठीण पाण्याच्या टाकीतही साधे लोह गंजासारखे तळाशी बसते, म्हणून ते चिलेटेड रूपात, म्हणजे सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरलेल्या रूपात द्यावे लागते. त्यातही ईडीटीए या रेणूची पकड सामू साडेसहाच्या पुढे सैल होत जाते आणि डीटीपीएची साधारण साडेसातपर्यंत टिकते, हे डब्यावर वाचून घ्यावे.

कृषी सेवा केंद्रात मिळणारी विद्राव्य खते टाकीत चालतात, पण सगळी नाहीत. १३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेट १०० लिटरमागे एक ग्रॅम दिल्यास नायट्रेट लिटरला सुमारे सहा मिलिग्रॅमने वाढते. ००:५२:३४ या स्फुरद-पालाशयुक्त खताचा एक ग्रॅमचा सातवा भाग तेवढ्याच पाण्यात लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम फॉस्फेट देतो. १९:१९:१९ किंवा युरिया मात्र कधीही घालू नये, कारण त्यांतील नत्राचा मोठा वाटा अमोनियाच्या वाटेने जातो. पाण्याचा सामू आठ आणि तापमान ३० अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी सात-आठ टक्के माशांना घातक असलेल्या मुक्त रूपात असतो, तर सामू सात असताना हे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ऊन पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, आणि त्यातच वीज जाऊन फिल्टर थांबला तर अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मरू लागतात. म्हणून मे महिन्यात माशांचे खाद्य कमी करणे आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी बोअरऐवजी आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरून काढणे हिताचे असते. बोअरचेच पाणी घालत राहिल्यास क्षार साचत जातात.

संत्र्याच्या बागेसाठी घरात मोरचूद असतो, म्हणून तो शेवाळावर वापरण्याचा मोह होतो. तांब्याचा हा क्षार शेवाळ मारतो, परंतु कोळंबी व गोगलगाय यांनाही मारतो, नाजूक पानांना इजा करतो, आणि एकदम मेलेले शेवाळ कुजून पाण्यातील प्राणवायू खाते. चिकट निळसर-हिरवा, दुर्गंधीयुक्त थर तर मुळात शेवाळाचा नसून सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असतो. तो नळीने ओढून काढावा, तळाचा गाळ साफ करावा आणि पाण्याचा प्रवाह वाढवावा.

किन्हीराजासारख्या ठिकाणी वनस्पतींची निवडच निम्मे काम करते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या भारतीय जलाशयांतील वनस्पती कार्बन डायऑक्साइड अपुरा पडला की पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन घेतात, म्हणजे जे पाणी इतर नाजूक जातींना जाचते तेच यांना मानवते. टाकी सुरू करतानाच त्या दाट लावाव्यात, दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि खताचे किंवा प्रकाशाचे प्रमाण बदलल्यावर दोन-तीन आठवडे दुसरा कोणताही बदल करू नये. खराब झालेले जुने पान पुन्हा हिरवे होत नाही, ते कापून टाकावे. उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर फुटलेल्या पानांवरूनच ठरवावे.