नोंदवहीतले गुन्हेगार

गुन्हा आधी घडतो, मग तपास होतो आणि सरतेशेवटी गुन्हेगाराचे नाव सरकारी वहीत चढते, असा आपणा पांढरपेशांचा भाबडा समज असतो. परंतु ज्यांचे नाव जन्मासरशी वहीत चढले आणि गुन्हा मात्र मागाहून, सवडीने, लागेल तसा त्या नावापुढे लिहिला गेला, अशी माणसे आपल्या बदनापूर-जालन्याच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. गुन्हेगारीच्या शास्त्रावरचे ग्रंथ मी बरीच वर्षे हौसेने वाचीत आलो आणि त्या वाचनात माझे मन कोठे कायमचे अडकले असेल तर ते या वहीत.

शास्त्राची पार्श्वभूमी चार वाक्यांत उरकतो. १८७६ साली इटलीच्या लोंब्रोसोने गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो असे प्रतिपादन केले. १९०५ मध्ये हॉलंडच्या बाँगरने आर्थिक विषमतेकडे बोट दाखविले. १९६३ साली अमेरिकेच्या हॉवर्ड बेकरने, समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तोच गुन्हेगार ठरतो, असा सिद्धान्त मांडला. आणि १९७३ मध्ये टेलर, वॉल्टन व यंग या त्रयीने कायदा मुळी करतो कोण आणि कोणाच्या सोयीने, हा प्रश्न विद्यापीठांच्या वेशीवर टांगला. माझी या पंडितांविषयी एकच तक्रार आहे: लोंब्रोसोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधीच हिंदुस्थान सरकारने त्याचा सिद्धान्त कायद्यात उतरविला होता, आणि त्याची दखल यांपैकी फारशी कोणी घेतली नाही.

वहीचा उगम ठगांच्या बंदोबस्तात सापडतो. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच अपराध जन्मठेपेस पुरेसा ठरविला, अमुक खून अमक्याने केला हे शाबीत करण्याची आवश्यकता उरली नाही. आणि या बंदोबस्ताचा कारभार पाहणाऱ्या स्लीमनसाहेबाने माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून ठगांच्या वंशावळ्या लिहून घेतल्या. एकदा अपराधाला वंशवृक्ष लाभला म्हणजे त्याला फांद्या फुटण्यास किती वेळ लागणार? १२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा संमत झाला. त्याअन्वये प्रांतिक सरकारने वरिष्ठांची मंजुरी घेऊन एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची, तिच्यातील माणसांचे रजिस्टर तयार करावयाचे, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता यावयाची नाही. आरोप नाही, साक्ष नाही, अपील नाही, नुसती नोंद. १९११ मध्ये हा कायदा सर्व हिंदुस्थानास लागू होण्याजोगा झाला, बोटांचे ठसे त्यात आले, आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालण्याचा अधिकारही सरकारने आपल्या हाती घेतला. निजामाच्या इलाख्यात, म्हणजे आपल्याकडेही, त्याच धर्तीचा कायदा होता.

या रजिस्टराचे दैनंदिन स्वरूप मात्र कायद्याच्या पुस्तकात नव्हे, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात भेटते. सोमठाण्याच्या रेणुकादेवीच्या वाटेवर, अप्पर दुधना धरणाच्या अंगाला, एका तांड्यावर मी गेलो असता खाटेवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, “आजा म्हणायचा, लग्नाला जायचं तर आधी अमीनाकडं, मंग सोयऱ्याकडं.” निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत, हे जुन्या मराठवाडेकरांना सांगावयास नकोच. दाखला असल्याखेरीज हद्द ओलांडावयाची नाही, पाटलाच्या चावडीवर हजेरी द्यावयाची, परगावी मुक्काम केला तर तेथल्या पाटलाकडे कागद दाखवावयाचा. आणि हजेरी चुकली तर तोच गुन्हा. या शेवटल्या मुद्द्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. ज्याने चोरी केली नाही त्यालाही वही स्वतःच एक अपराध पुरविते, त्या अपराधाची शिक्षा पुन्हा त्याच वहीत उतरते, आणि दहा वर्षांनी ती वही उघडणारा नवा अंमलदार प्रांजळपणे म्हणतो की, पाहा, हा तर सराईत आहे! पुढे बेकरने ग्रंथ लिहून जे पटविले, ते चावडीवरच्या कारकुनाला हिशेबाच्या सरावाने ठाऊक असले पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करतो. बदनापूरचे रेल्वे स्टेशन ज्या मार्गावर आहे, तो मनमाडहून निघून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस घातला गेला. त्याआधी या मुलखातील धान्य आणि मीठ बंजाऱ्यांच्या लमाणी बैलांच्या पाठीवरून हिंडत असे. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्याही फौजा त्यांच्याच रसदीवर पोसल्या गेल्या. आगगाडीने तो व्यापार एका पिढीत बुडविला आणि जंगलखात्याने चराईला अटकाव केला. ज्याचा धंदा हिंडण्याचा, त्याचे हिंडणेच संशयास्पद ठरले. रामोश्यांचे तर याहून विचित्र. गावाची राखण हेच ज्यांचे वतन, त्यांची गणना गुन्हेगार जमातींत झाली.

पारध्यांच्या बाबतीत तर मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे.  एका तुरीच्या शेताच्या बांधावर एक वृद्ध पारधी आपले जुने फासे मला उलगडून दाखवीत होता. वीतभर काड्या, प्रत्येकीला केसांचा बारीक फास, साऱ्या एका दोरीत ओवलेल्या. तित्तिराच्या वाटेवर त्या ओळीने रोवल्या म्हणजे पक्षी उडण्याऐवजी चालत येतो आणि मानेने अडकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ही विद्या दंडनीय झाली. आता त्याच शेताचा मालक त्याला रात्रीच्या राखणीला ठेवतो, कारण पारधी राखणीला असला म्हणजे चोर फिरकत नाही. आणि चोरी झालीच तर पोलीस प्रथम त्यालाच उचलून नेतात. या दोन्ही गोष्टी तो मालक एका दमात सांगत होता आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नव्हती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, या जमातींना ज्यांत ठेवीत त्या सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या वसाहतींची कुंपणे निघाली, आणि पुढे महाराष्ट्राच्या यादीत चौदा जमाती ‘विमुक्त’ ठरल्या; तथापि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, ज्यात जमातीचे नाव नसले तरी वहीची सवय शिल्लक होती. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, बाळकृष्ण रेणके आणि भिकू इदाते या दोघा महाराष्ट्रीयांच्या अध्यक्षतेखाली केंद्राचे आयोग नेमले गेले. अहवाल आले, धूळ आली.

वहीचा खरा पराक्रम मात्र आपल्या जालना जिल्ह्यातील सहा मजुरांना भोगावा लागला. जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडून पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहाही जणांना दिली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ मध्ये निष्पन्न झाले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच त्रिसदस्य पीठाने सर्वांना निर्दोष सोडले. बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधील चार निराळ्या माणसांची छायाचित्रे ओळखली होती, आणि त्यांचा माग कोणी काढलाच नव्हता! आरोपी भटक्या जमातीतील गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गुंतविल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायमूर्तींनी नमूद केले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. तुरुंगात गेलेली वर्षे सोळा. अल्बम हाताशी असून तपास त्याच्या विरुद्ध दिशेला गेला, यावरून मी असे अनुमान काढतो की शिक्क्याला अखेर वहीचीही गरज उरत नाही, तो तपासणाऱ्याच्या नजरेतच उमटलेला असतो.

२०२४ साली दोन निर्णय झाले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, मागास समाजातील निरपराधांची नावे पोलीस ठाण्यांतील हिस्ट्रीशीटवर यांत्रिकपणे चढवू नयेत, म्हणून सर्व राज्यांना आपल्या पद्धती तपासावयास सांगितले. आणि ३ ऑक्टोबरला, एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर, कारागृहांच्या रजिस्टरांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम दिला. माझी मागणी याहून किंचित अधिक आहे. आपल्याकडे बांधाच्या हातभर जमिनीचा सातबारा कोणालाही तलाठ्याकडून नकलून घेता येतो, त्यातील चुकीच्या फेरफारावर हरकत घेता येते. ज्याच्या नावाचे पान ठाण्यात उघडले आहे त्यालाही ते वर्षातून एकदा पाहता यावे, अक्षरओळख नसल्यास कोणी वाचून दाखवावे, आणि हरकत नोंदविण्यास पानाच्या तळाशी चार ओळींची जागा मोकळी सोडावी.