घरांतील सुस्वर ध्वनि

सुस्वर ध्वनि महाग यंत्रांतूनच निघतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः यंत्राइतकेंच महत्त्व खोलीला आहे. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर धांवतो. त्यामुळें उघड्या भिंती व फरशी यांवर आपटून तो क्षणाच्या अंशांत परततो आणि मूळ स्वरांत मिसळून शब्द पुसट करतो. जाड पडदे, सतरंजी व पुस्तकांचें कपाट या प्रतिध्वनीचा जोर मोडतात. ध्वनिक्षेपक कोपऱ्यांत ठेवल्यास खर्ज फाजील फुगतो. तो हातभर पुढें ओढावा.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं आणखी एक अडचण आहे. मागांच्या खडखडाटांत तंबोऱ्याचा सूक्ष्म नाद बुडून जातो. त्यावर आवाज चढविणें हा उपाय नव्हे. ८५ डेसिबलांहून अधिक गोंगाटांत रोज आठ तास, वर्षानुवर्षें काढल्यास श्रवणशक्ति कायमची क्षीण होऊं शकते. दिवसभर मागांपाशीं राबणाऱ्याच्या कानांना घरीं तरी विसांवा हवा. म्हणून मागांकडील खिडकी मिटावी, फटी बुजवाव्या, ध्वनिक्षेपक जवळ घ्यावा आणि आवाज मंद ठेवावा. घरांत निवांतपणा आणल्यावांचून कितीहि मोलाचें यंत्र सुस्वर वाजणार नाहीं.